गीतफलकावरचा पासवर्ड

एस्तेर पाटोळे यांचे सारे आयुष्य वेळापत्रकात गेले असे कोणी म्हटले, तर त्यांना राग येत नसे. उलट ते वाक्य त्या प्रशस्तिपत्रकासारखे स्वीकारीत. नगरच्या एका कन्याशाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षे विज्ञान शिकवले. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरची लेबले दरवर्षी जूनमध्ये त्या स्वहस्ते नव्याने लिहीत आणि जुने लेबल पुरते निघाल्याशिवाय नवे चिकटवीत नसत. निवृत्तीनंतर सावेडीच्या घरात मसाल्याचे डबेही त्याच शिस्तीने रांगेत उभे राहू लागले. त्यांचे पती नॅथन नागापूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. या घरात मिठालासुद्धा हजेरी द्यावी लागते, असे ते पाहुण्यांना सांगत.

अशा या बाईंनी साठी उलटल्यावर संकेतस्थळ चालवायला घेतले, त्याला एक म्हातारा गळा कारण झाला.

तिसगावच्या पलीकडे, बाजरीच्या रानांमध्ये एक ख्रिस्ती वस्ती आहे. एस्तेरबाईंचे वडील तिथे प्राथमिक शिक्षक होते आणि बाईंचे बालपण तिथेच गेले. त्या वस्तीच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायात, बन्सीकाका गात. त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या चाली आसपासच्या मंडळ्यांतून प्रिय होत्या. पण गीतांचे शब्द पुस्तकात छापलेले असले, तरी चाल कोठेही छापलेली नव्हती. ती शिकण्याची तिथली रीत ठरलेली होती. शिकणाऱ्याने गाणाऱ्याच्या समोर बसायचे नाही, पाठीमागे बसायचे. समोरून तोंड दिसते. श्वास कोठे भरला, कोठे राखून ठेवला, हे पाठीवरून कळते. ज्याला चाल आली, तो एखाद्या रविवारी मंडळीपुढे ते गीत ‘उचलतो’, म्हणजे पहिली ओळ एकट्याने घेतो आणि मग बाकीचे त्याच्यामागून येतात. लहानगी एस्तेर कित्येक रविवार बन्सीकाकांच्या मागे बसली होती. गीत मात्र तिने कधी उचलले नाही. आधी लाज, मग अभ्यास, मग नोकरी, असे करता करता ते राहूनच गेले.

गेल्या वर्षी सुगीच्या सणाला बाई वस्तीवर गेल्या होत्या. नव्या पिकाचा पहिला वाटा चर्चमध्ये आणून वाहण्याचा तो दिवस. बन्सीकाकांनी नेहमीप्रमाणे सुगीचे गीत उचलले: ‘खळ्यावरती उजेड आला, देवा तुझ्या नावाचा.’ दुसऱ्या कडव्यात त्यांचा दम संपला आणि ते थांबले. त्यांच्यामागून गाणारी मंडळीही थांबली. कोणीतरी पुढे घेईल म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. कोणी घेतले नाही. शेवटी पाळकांनी प्रार्थना सुरू केली. पण ती मधली शांतता बाई घरी घेऊन आल्या. डॉक्टरांनी काकांच्या छातीचे दुखणे उतारवयाचे म्हणून सांगितले होते; तो दम परत यायचा नव्हता. पुढच्या सुगीला ते गीत कोण उचलणार, या प्रश्नाने बाईंना घेरले.

उन्हाळ्यात त्यांनी काकांच्या चाली मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. काका एक कडवे म्हणत, दम घेत, पाणी पीत, पुढचे म्हणत. त्यांनी अट एकच घातली. पूर्वी कोणीतरी त्यांचे गाणे लग्नात मोबाईलवर धरून, त्याला बँडचा ठेका जोडून, भलत्याच नावाने इंटरनेटवर टाकले होते. तो सल गेला नव्हता.

“माजी चाल कुनाच्या हातात चाललीय ते मला कळाया पायजे,” काका म्हणाले. “नाव कळलं, की मग खुशाल घिऊ दे.”

बाईंनी शब्द दिला. दिलेला शब्द पाळण्याची व्यवस्था करायची, तर सभासदांनाच ऐकता येईल असे संकेतस्थळ हवे, म्हणून त्या सावेडीतच संगणकाचे दुकान चालवणाऱ्या महेंद्रकडे गेल्या. महेंद्रची थोरली बहीण अश्विनी बाईंच्या हाताखाली शिकलेली. त्यामुळे तोही त्यांना बाईच म्हणे. त्याचे वडील गायन पार्टीत बाबासाहेबांची गाणी गात आलेले, तेव्हा चाल म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागले नाही. त्याने संकेतस्थळ उभे केले, त्यात सभासदत्वाचे प्लगइन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायचा तयार प्रोग्राम, बसवले आणि शॉर्टकोड ही चीज बाईंना शिकवायला घेतली.

शॉर्टकोड म्हणजे पानात ठेवलेली चिठ्ठी समजा, असे त्याने सांगितले. चौकोनी कंसात एखाद-दुसरा शब्द लिहायचा. पान उघडताना प्लगइन ती चिठ्ठी वाचते आणि तिच्या जागी सांगितलेले काम करून ठेवते. वाचकाला चिठ्ठी दिसत नाही, काम दिसते. एका चिठ्ठीने नावनोंदणीचा अर्ज येतो. दुसरीने आत आलेल्या सभासदाचे नाव उमटते. काही चिठ्ठ्या मात्र जोडीने येतात, एक उघडणारी आणि एक मिटणारी. या दोहोंच्या मध्ये जे ठेवाल, ते केवळ सभासदालाच दिसते. बाईंना ही रचना फारच आवडली. त्यांनी प्रत्येक गीताचे पान स्वतः तयार केले आणि सर्वांत वर ‘जय ख्रिस्त’ लिहून त्यापुढे नावाची चिठ्ठी ठेवली. आत येणाऱ्याला त्याच्या नावाने नमस्कार झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

संकेतस्थळ सुरू झाले आणि एकही सभासद आला नाही. दोन आठवडे वाट पाहून बाईंनी नव्या पिढीच्या अनास्थेविषयी नॅथन यांना बरेच काही ऐकवले. शेवटी त्या महेंद्रकडे गेल्या. त्याने आपल्या मोबाईलवर पान उघडले, वर-खाली केले आणि हसू दाबत म्हटले, “बाई, सभासद होण्याचा अर्ज तुम्ही फक्त सभासदांनाच दाखवताय.”

झाले होते असे, की पुस्तकाला जसे दोन पुठ्ठे, तशी जोडीची चिठ्ठी पानाच्या अगदी वर आणि अगदी खाली असावी, असे बाईंच्या नीटस स्वभावाने ठरवले होते. आणि अर्ज त्या दोन पुठ्ठ्यांच्या आत गेला होता. त्यांच्या संगणकावर त्या स्वतः कायम आतच असत, त्यामुळे त्यांना सगळे व्यवस्थित दिसे. महेंद्रने सांगितले, की काहीही बदल केला की आधी लॉगआउट व्हायचे आणि मग बाहेरच्या माणसासारखे पान पाहायचे. बाई क्षणभर लाल झाल्या आणि मग, वर्गात आपले गणित फळ्यावर चुकलेले सापडावे तशा, मोकळेपणाने हसल्या. घरी येऊन त्यांनी प्रयोगशाळेच्या अक्षरात एक लेबल लिहिले आणि संगणकाच्या कडेला चिकटवले: ‘बाहेर पडून पाहा.’

अर्ज बाहेर आला तशी नावेही आली. पुण्याला गेलेली, नाशिकला स्थायिक झालेली, जालन्यात नोकरीला असलेली माणसे सभासद झाली. वस्तीवरून मात्र एकच नाव आले, बन्सीकाकांच्या सुनेचे. कृपा शिकलेली होती, अंगणवाडीत काम करी आणि चर्चचा गीतफलकही तीच लिही. एक तर एक, असे मनाशी म्हणून बाईंनी समाधान मानले.

बाजरीची काढणी सुरू झाली, सुगीचा सण जवळ आला, आणि एके सकाळी कृपाचे खाते प्लगइनने बंद केल्याची सूचना आली. महेंद्रने एका खात्याला तीनच मोबाईलची मर्यादा घातली होती. कृपाच्या खात्याने ती केव्हाच ओलांडली होती आणि नवनवे मोबाईल आत शिरण्याचा प्रयत्न करीतच होते. बाईंनी घाबऱ्याघुबऱ्या होऊन फोन लावला, की कोणी तुझा पासवर्ड चोरला तर नाही?

पलीकडून कृपा शांतपणे म्हणाली, “चोरतंय कोन बाई? बोर्डावर लिवलाय की मी.”

एस्तेरबाई त्याच दिवशी एस.टी.ने तिसगावला निघाल्या. बाकावर ताठ बसून त्यांनी मनात वाक्ये जुळवली. भिंतीवर पासवर्ड! लाउडस्पीकरवाला, भांडीवाला, येणारा-जाणारा कोणीही तो टिपून घेईल. आपण दिलेल्या शब्दाचे मग काय राहिले? खाते कायमचे बंद करायचे आणि काकांची क्षमा मागायची, असे त्यांनी करंजीचा घाट चढताना ठरवून टाकले. हे केले तर सुगीचे गीत वस्तीवर कोण शिकणार, हा प्रश्नही त्याच घाटात उभा राहिला. 

स्टँडवर त्यांना घ्यायला अंगद मोटरसायकल घेऊन आला होता. अंगद वस्तीवरचाच, ट्रॅक्टर चालवणारा, झुपकेदार मिशांचा गडी. रस्त्यात तो मान मागे वळवून सांगू लागला, की बाईंची साईट लई मान देणारी आहे. “रोज आत गेलो, की म्हनती, जय ख्रिस्त, कृपा. कृपावैनी म्हनती, मिशी काढ आता.”

बाई हसल्या नाहीत. पण ते वाक्य त्यांच्या मनात कोठेतरी अडकले.

चर्चच्या भिंतीवर तो फलक होता. वर रंगाने लिहिलेले ‘आजची गीते’; खाली खडूने गीतांचे क्रमांक, त्याखाली पवित्र शास्त्रातील उताऱ्याचा अध्याय, आणि त्याखाली, तितक्याच सुवाच्य अक्षरात, कृपाचे नाव व पासवर्ड. कृपाला यात वावगे काय हेच उमगत नव्हते. मंडळीने जे उघडायचे ते या फलकावर लिहायचे, ही तिच्या जन्माच्या आधीपासूनची पद्धत होती. पुस्तक उघडायचे असेल तर क्रमांक, शास्त्र उघडायचे असेल तर अध्याय, तसेच हे. शिवाय सभासद मी एकटी कशी होईन, असे तिने विचारले. तिने ते नाव मंडळीच्या वतीने घातले होते.

बन्सीकाका घरापुढे उन्हात बाजेवर बसले होते. बाईंनी झाला प्रकार त्यांना सांगितला. सांगताना आवाज तक्रारीचा झाला आहे, हे त्यांचे त्यांनाच जाणवले. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की कोण कोण ऐकतंय ते आता दाखव. बाईंनी मोबाईल उघडला. वस्तीचे तिथे एकच नाव होते.

“येकटी कृपाच ऐकती व्हय?” काका म्हणाले. “मग काल रानात अंगद गात हुता, ते काय वाऱ्यानं शिकिवलं?” हसता हसता त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर ते हळू म्हणाले, “पोरी, मी नावं मागितली हुती. तू दार केलंस येका मानसाच्या मापाचं. हितं मानसं घोळक्यानं येत्यात.”

बाईंनी मोबाईल खाली ठेवला. संगणकाच्या कडेचे लेबल त्यांना आठवले. त्या पुन्हा एकदा आत बसूनच बाहेरचे ठरवत होत्या.

मग काकांनी अंगदला गायला सांगितले. अंगद उभा राहिला, डोळे मिटले आणि त्याने खरोखर काकांची चाल घेतली. वळणे बरोबर, शब्द बरोबर. मात्र ओळीच्या मध्येच, ‘उजेड’ या शब्दानंतर, तो एकदम थांबला, मग त्याने पुन्हा धरले, पुढच्या ओळीतही तसेच. कृपाही त्याच्यासोबत त्याच जागी थांबत होती. काका ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

“तितं मी थांबलो न्हाई रे,” ते म्हणाले. “तितं माजा दम सरला हुता. तू माजं म्हातारपन शिकलास की.”

 अंगद ओशाळून मिशीला हात लावीत राहिला. ध्वनिमुद्रणातले प्रत्येक थांबणे त्याने इमानाने पाठ केले होते; पाठ दिसली नव्हती, म्हणून चालीतला श्वास कोणता आणि थकलेला श्वास कोणता, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. एस्तेरबाईंनी उन्हाळाभर कान देऊन सारे ध्वनिमुद्रण ऐकले होते, तरी ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. कारण ऐकताना त्यांच्या मनात आपोआप जुनी, भरल्या दमाची चाल वाजत असे.

ती त्यांच्या मनात होती, हे त्यांना त्या क्षणी कळले. त्यांनी पदर सावरला आणि, विज्ञानाचा नियम सांगावा तशा सरळ आवाजात, ‘खळ्यावरती’ उचलले. ओळ संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. ‘नावाचा’ वर श्वास घेतला, दुसरी ओळ घेतली. आवाज साधा होता, जरा थरथरतही होता. पण श्वास जिथे हवा तिथेच पडत होता.

काकांनी मांडीवर बोटाने ठेका धरला. कडवे संपल्यावर ते कृपाला म्हणाले, “ही मागं बसलेली हाय.”

खाते बंद करण्याचे वाक्य मग बाईंनी उच्चारलेच नाही. फलकावरचा पासवर्ड मात्र कृपाने ओल्या फडक्याने पुसला, आणि पुढे काय करायचे ते सारे तिथेच बाजेभोवती ठरले.

पुढच्या काही दिवसांत महेंद्रच्या दुकानात बाईंची खुर्ची जणू राखीव झाली. वस्तीवर बहुतेक घरांत मोबाईल घराचा असतो आणि ई-मेलचा पत्ता कोणाचाच नसतो. म्हणून महेंद्रने संकेतस्थळाच्याच नावाने घरोघर एक पत्ता तयार करून दिला आणि सभासदत्व माणसाऐवजी घराला ठेवून, घरातल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाने आत येण्याची सोय केली. रविवारी उपासना संपल्यावर बाई चर्चच्या पायरीवर बसल्या. एकेक घर येऊन आपली नावे सांगे आणि बाई ती तिथल्या तिथे मोबाईलवर घालीत. आजोबांचे नाव आधी की सुनेचे, यावरून एका घरात तिथेच थोडे वाजले. एक तान्हे बाळही त्याच्या आईने आग्रहाने सभासद करून घेतले.

प्रत्येक गीताच्या पानावर काकांच्या ध्वनिमुद्रणाखाली बाईंनी स्वतःच्या आवाजातले दुसरे ध्वनिमुद्रण ठेवले, आणि वर सूचना लिहिली: चाल वरून घ्यावी, श्वास खालून घ्यावा. मग त्यांनी महेंद्रपाशी आणखी एक मागणी केली. सभासदांचा एक नवा स्तर करायचा, ‘उचलणारे’ या नावाचा. ज्याला काका होकार देतील त्यालाच तो द्यायचा. आणि गीताखाली अशी चिठ्ठी ठेवायची, की त्या स्तरातल्या लोकांची नावे तिथे आपोआप उमटतील. महेंद्रने थोडा विचार केला आणि प्लगइनमध्ये ती सोय आधीपासूनच असल्याचे सांगितले. स्तराला माणसे जोडली की नावांची चिठ्ठी तेवढीच नावे दाखवते. नंतर त्याने जरा संकोचत विचारले, की आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, गाण्यांनाही असेच करता येईल का. दादांचाही आवाज आता बसत चाललाय. दादांना लगेच गाठ, असे बाईंनी त्याला बजावले आणि ध्वनिमुद्रण करताना खोलीतला पंखा बंद ठेवायची आठवणही दिली.

बदल झाला, की बाई लॉगआउट होऊन पान पाहत. नव्या चिठ्ठीखाली अजून एकही नाव नव्हते. नुसताच ‘हे गीत उचलणारे’ हा मथळा आणि खाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेकडे त्या दिवसातून अनेकदा बघत.

सुगीचा सण आला. चर्चमध्ये बाजरीच्या कणसांच्या पेंढ्या, तांबडे भोपळे, टोपलीतली अंडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, असा पहिला वाटा वेदीपुढे मांडला होता. उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा होता. फलकावर कृपाने फक्त गीतांचे क्रमांक लिहिले होते. बन्सीकाकांना दोघांनी धरून आणले. ते त्यांच्या नेहमीच्या, पुढच्या जागी बसतील म्हणून लोकांनी वाट मोकळी केली. पण काका तिथे बसले नाहीत. त्यांनी अंगदला आणि कृपाला पुढे बसवले आणि स्वतः त्यांच्या पाठीमागे सतरंजीवर टेकले. असे त्या मंडळीत कोणी पूर्वी पाहिलेले नव्हते. एस्तेरबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

सुगीच्या गीताची वेळ झाली. अंगदच्या इस्त्री केलेल्या शर्टाची पाठ वर आली, थांबली, आणि त्याने उचलले. ‘खळ्यावरती उजेड आला’ एका दमात गेले. ‘नावाचा’ वर श्वास पडला. मंडळी त्याच्यामागून आली. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, गेल्या वर्षी जिथे सगळे थांबले होते तिथे, अंगदची पाठ जरा डगमगली. कृपाने ती ओळ उचलली, त्याने पुढच्या शब्दाला धरले, आणि कडवे पार झाले. काका ओठ न हलवता दोघांच्या पाठी पाहत होते. तिसरे कडवे संपून ध्रुपद परतले, तेव्हा त्यांनी बाईंच्या मनगटावर बोट टेकवले.

“दे दोघान्ला,” ते म्हणाले.

लिलाव सुरू झाल्यावर बाई बाहेर लिंबाखाली आल्या. त्यांनी मोबाईलवर दोघांना त्या स्तरात घातले, मग शिस्तीप्रमाणे लॉगआउट झाल्या आणि बाहेरच्या माणसासारखे पान उघडले. गीत कुलपात होते. नावांची चिठ्ठी मात्र त्यांनी मुद्दाम मिटणाऱ्या चिठ्ठीच्या बाहेर ठेवली होती, त्यामुळे मथळ्याखालची दोन नावे कोणालाही दिसत होती: अंगद, कृपा. त्यांनी आत जाऊन ती काकांना वाचून दाखवली. काकांनी ती पुन्हा वाचायला लावली.

अंगद बोलीत जिंकलेला भोपळा काखेत मारून तिथे आला आणि आपला मोबाईल उघडून पाहू लागला. पानाच्या माथ्यावर ‘जय ख्रिस्त, अंगद’ असे आले होते. त्याने ते दोनदा वाचले.

“बरं वाटतंय,” तो म्हणाला, “पर कृपाची सवय झाल्ती, बाई.”

या वेळी एस्तेरबाई हसल्या. आत लिलावात कोंबड्यांची बोली रंगली होती, आणि चर्चच्या दारात कृपा दोन मुलींना आपल्या पाठीमागे बसवून, पुढल्या रविवारच्या गीताची पहिली ओळ घेत होती.